डाव्या अंगाचे दणके

हिंगोली,
८ सप्टेंबर २०२५

श्री. खाजा मिया यांस,
विष्णुपंतांचा सप्रेम नमस्कार.

गॅरेजवर फोन लावला की माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमचं ओरडणं आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. मागच्या खेपेला मी "गाडी डोलते" म्हणालो आणि तुम्ही "दूध नको" म्हणून फोन ठेवलात. म्हणून लेखी कळवतो. तहसिलीत एकतीस वर्षं कारकुनी केल्यावर लेखी गोष्टीवरच माझा भरवसा उरला आहे. हे पत्र गुलाबचंदजींकडे देतो. हळदीच्या कामाने ते रोज वाशिमला जातात आणि कनेरगाव नाक्यावर चहाला थांबतात. उत्तर त्यांच्याचकडे द्यावं.

विषय, माझी जर्मन गाडी. आमच्या साहेबांची सरकारी जीप तुमच्याकडे यायची, तेव्हा मागच्या आडव्या बाकावर मांडीवर फायली घेऊन कोण बसलेलं असायचं ते तुम्ही पाहिलं आहे. त्या बाकावर मी मनाशी ठरवलं होतं की निवृत्त झालो की मऊ गाडीत बसायचं. पुण्याच्या चुलतभावाने नवी गाडी घेतली आणि ही वीस वर्षांची मला दिली. पहिली दोन वर्षं स्वर्ग होता, खाजा मिया. खड्डा आला तरी तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला आल्यासारखा वाटायचा.

आता ती डोलते. ब्रेक मारला की नाक खाली घालून नमस्कार करते, वळणावर कलते, आणि एका खड्ड्याचे तीन दणके देते. मी सोसलं असतं. पण सौ. अनुसूयाने महालक्ष्म्यांच्या सणापासून तिच्यात बसणं सोडलं आहे. म्हणते, चक्कर येते. परवा बहिणीकडे गोरेगावला जायचं होतं, तर ती एसटीने गेली. एकटं कसं जाऊ द्यायचं म्हणून मी रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे गेलो. कंडक्टरला वाटलं तिकीट तपासणारे साहेब आहेत. प्रत्येक थांब्यावर उतरून तो मला सलाम करत होता.

तेव्हा निर्णय घेतला आहे. गाडी कडक करा. मला मऊ आवडते, पण त्या मऊपणात मी एकटाच बसणार असेन तर काय उपयोग? सोमवारी स्वतः घेऊन येतो.

आपला,
विष्णुपंत

०

कनेरगाव नाका
१६ सप्टेंबर

पंतसाहेब, सलाम.

तुमी काल गाडी ठिवून सवारीच्या जीपनं गेले, आन् मी तिला वर उचलून खालून पाह्यलं. लिहितो तसं समजून घ्या.

गाडी उडते स्प्रिंगवर, आन् तिची उडी आवरतो शॉकअप. स्प्रिंग तुमची अजून जवान हाय. पन डाव्या अंगाचे दोन्ही शॉकअप मेले. त्याच्यातलं तेल सांडून गेलं. म्हनून एकदा उडालेली गाडी तीनदा उडून राहिली. मऊपना येगळा आन् डुलनं येगळं. मऊपना ठिवून डुलनं घालवता येतं. माझं ऐकाल तर स्प्रिंगला हात न्हाई लावायचा, निस्ते शॉकअप चांगले टाकायचे.

आता एक गोष्ट मला कळून न्हाई राहिली. डाव्या चाकाची रिम दोन जागी वाकली. डाव्या आर्मचे रबरी बुश फाटले. डाव्या आरशात कोनाच्या तरी कुंपनाची तार अडकून आली, हातभर. आन् उजवं अंग पाहाल तर नव्या नवरीवानी. रस्ता तर दोन्हीकडून सारखाच खराब हाय. मग डावीकडूनच काहून?

आमची घरवाली हलीमा वहिनीला सलाम सांगून राहिली. तिचे गुडघे दुखून राहिले, बाकी खैरियत.

खाजा मिया

०

हिंगोली,
२० सप्टेंबर

श्री. खाजा मिया यांस, स. न.

पत्र पोचलं. डावीकडूनच का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मी कायद्याने रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. जिल्ह्यात तसं करणारा बहुधा मी एकटाच असेन, म्हणून तुमच्याकडे असा नमुना पूर्वी आला नसेल. शिवाय बांधकामवाले खड्डे डावीकडेच ठेवतात. तारेविषयी मला माहिती नाही.

स्प्रिंगला हात लावू नका म्हणता, ते मान्य नाही. अनुसूयाला मी स्पष्ट विचारलं, "कडक केली तर बसशील?" ती म्हणाली, "करून तर बघा." घरात याला मंजुरी म्हणतात. तेव्हा स्प्रिंगसुद्धा कडक टाका. अर्धवट काम नको.

विष्णुपंत

०

हिंगोली,
६ ऑक्टोबर

श्री. खाजा मिया यांस,

गाडी कडक झाली, यात शंका नाही. नाक्यावरून घरी येईपर्यंत रस्त्यात सांडलेला सोयाबीनचा दाणान् दाणा मला मोजता आला. सरकारी जीपची आठवण झाली. मांडीवर फाइल तेवढी नव्हती.

तरी आनंद होता, कारण काल संध्याकाळी अनुसूया बसली. दार ओढून घेतलं, पदर खोचला, वरची मूठ धरली आणि डोळे मिटले. देवाचं नाव घेत होती. चौकापर्यंत आलो. तिथे डावं चाक एका मोठ्या खड्ड्यात गेलं आणि असा दणका बसला की तिने किंकाळीच फोडली. "थांबवा!" म्हणून ती खाली उतरली, मागे धावत गेली, आणि बऱ्याच वेळाने ऑटोने एकटीच घरी आली. विचारलं तर म्हणते, "दात वाजतात हिच्यात."

म्हणजे मऊ होती तेव्हा चक्कर, आणि कडक केली तर दात. माझी चूक झाली. पुन्हा मऊ करा. जुन्या स्प्रिंगा तुम्ही फेकल्या नसतील अशी आशा आहे.

आणखी एक. गाडी आपोआप खड्ड्यांकडे ओढते. मी सरळ चालवतो आणि खड्डा बाजूने येऊन चाकाखाली शिरतो. हे स्टिअरिंगचं काम असावं. परवा एक म्हैससुद्धा अशीच डावीकडून एकाएकी उगवली.

उद्या गाडी आणून सोडतो.

विष्णुपंत

०

हिंगोली,
८ ऑक्टोबर

खाजाभाईंना अनुसूयाचा नमस्कार.

हे पत्र गुलाबचंदजींच्या मंडळींच्या हातून पाठवतेय. यांना कळू देऊ नका.

तुम्ही तुमच्या पत्रात "डावीकडूनच काहून" असं विचारलं होतं. पत्र त्यांनीच मला वाचायला दिलं, म्हणे "अक्षर किती बारीक काढतात हे". अक्षर तर तुमचं बोराएवढं असतं. खाजाभाई, त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय. डावीकडे बसलेल्या माणसाचा चहा ते नेहमी विसरतात. देवघरातल्या डावीकडच्या देवांना दोन महिन्यांत फूल मिळालेलं नाही, मीच मागून जाऊन वाहते.

मला चक्कर येत नाही आणि माझे दातही वाजत नाहीत. मला त्या गाडीत भीती वाटते. त्या दिवशी चौकात खड्डा नव्हता. ती पारुबाई होती, भाजीवाली. बिचारीने नालीत उडी मारली म्हणून वाचली. चाकाखाली तिची टोपली गेली, वांग्यांसकट. मी तिला नालीतून वर काढलं. आणि हे स्टिअरिंगला हात लावून म्हणतात, "बघ किती दणका देते!"

तोंडावर सांगून पाहिलं. "मला सगळं स्वच्छ दिसतं" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या दादांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन चाळीस वर्षांपूर्वी बिघडलं, होता तो डोळाही गेला. दादांचा हात धरून त्यांना मोरीपर्यंत नेणारे हेच. ते बोलून दाखवत नाहीत, पण भीती तीच आहे. मुलाला, चिन्मयला सांगितलं तर तो पुण्याहून येऊन गाडी विकेल, आणि हे अंथरूण धरतील. म्हणून लेकराला पण सांगितलेलं नाही.

तुम्ही दोन गोष्टी करा. एक, गाडी लवकर परत देऊ नका. दुसरी लिहायला संकोच वाटतो. तुमची सून खुशनुमा शाळेची व्हॅन चालवते. ती मला गाडी शिकवील का? मी बासष्ट वर्षांची आहे. सायकल येते.

अनुसूया

०

कनेरगाव नाका
१० ऑक्टोबर

वहिनी, सलाम.

तुमची चिठ्ठी वाचून मला रातभर पारुबाईच दिसून राहिली. मी चाळीस साल गाड्या पाहून राहिलो. डाव्या अंगाचे दणके पाहून मला शक आला व्हता, पन एवढ्या मोठ्या मानसाला कसं म्हनावं?

गाडी देत न्हाई, बेफिकीर राहा. झूठ बोलायची मला सवय न्हाई, पन 'पार्ट आला न्हाई' येवढं तर कोनताबी मेकॅनिक झोपेतबी बोलतो.

खुशनुमा खुश हाय. म्हनते, "अम्मा, लेकरांपरीस मोठं मानूस शिकवाया सोपं. रडत न्हाई." आदी लर्निंग लायसन काढून या, बिगर लायसन मी चाकाला हात लावू देनार न्हाई. मंगळवार आन् शनवार, शाळा सुटल्यावर. गोरेगावचा रस्ता तवा मोकळा असतो. हलीमाबी मागं बसनार म्हनते. तिला फिरायला भेटत न्हाई.

खाजा मिया

०

कनेरगाव नाका
२८ ऑक्टोबर

पंतसाहेब, सलाम.

पार्ट आला न्हाई. संभाजीनगरला सांगितलं हाय. दिवाळीमुळं दुकानं बंद व्हती. स्प्रिंगा जुन्याच टाकल्या, पन त्या उतरवून ठिवल्या व्हत्या म्हनून रुसल्या. त्यांना बसायला टाइम लागतो.

खाजा मिया

०

हिंगोली,
१२ नोव्हेंबर

श्री. खाजा मिया यांस,

पाच आठवडे झाले. स्प्रिंग रुसते हे मी प्रथमच ऐकतो. आमच्या कार्यालयात पाच आठवड्यांत फाइल पुढच्या टेबलावर जात नसे हे खरं, पण तुमच्याकडून ती अपेक्षा नव्हती.

हलीमाबींचे गुडघे आता कसे आहेत? अनुसूया दर मंगळवारी आणि शनिवारी त्यांना तेल लावायला येते, याचं मला कौतुक वाटतं. पण हे तेल कोणतं? ती घरी येते तेव्हा हाताला पेट्रोलचा वास येतो. आणि गुडघे हलीमाबींचे असताना डावा पाय हिचा दुखतो. काल आम्ही ऑटोने दवाखान्यात गेलो. समोर बकरी आली, तर हिने उजवा पाय असा काही दाबला की ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं. वर त्याला म्हणाली, "गिअर टाका ना दुसरा." मला तिच्या प्रकृतीची काळजी वाटते आहे.

गाडी कधी देता ते निश्चित तारखेसह कळवावं.

विष्णुपंत

०

कनेरगाव नाका
१५ नोव्हेंबर

पंतसाहेब, सलाम.

पार्ट आला. बसवला. आता ट्रायल चालू हाय. शॉकअप कडक आन् स्प्रिंग मऊ, हे जोडपं नवं हाय, एकमेकाला समजून घ्यायला पन्नासेक किलोमीटर पायजेत. घाई करू नका.

तेल तिळाचं हाय.

खाजा मिया

०

हिंगोली,
२४ नोव्हेंबर

श्री. खाजा मिया,

नमस्कार लिहिण्याची इच्छा नाही, तरी रीत म्हणून लिहितो.

काल गुलाबचंदजींनी जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून तीनदा विचारलं. शनिवारी दुपारी त्यांनी माझी गाडी गोरेगावच्या रस्त्यावर पाहिली. बैलगाडीच्या वेगाने चालली होती. मागच्या सीटवर एक बुरखा घेतलेल्या बाई शेंगा खात होत्या आणि टरफलं खिडकीबाहेर टाकत होत्या. काचेवर ऊन असल्यामुळे चालवणारं कोण ते त्यांना दिसलं नाही. मात्र काचेवर लाल रंगात 'एल' हे अक्षर चिकटवलेलं होतं.

एल म्हणजे लग्न, हे समजायला मला वेळ लागला नाही.

खाजा मिया, माझी गाडी तुम्ही वरातीला लावलीत! बैलगाडीच्या वेगाचं तरी दुसरं काय कारण असणार? आणि मी इकडे पार्टची वाट पाहतोय. तुम्ही मागितली असती तर मी स्वतः चालवत आणली असती, नवरदेवासाठी हार लावून. चाळीस वर्षांच्या ओळखीत तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं.

गाडी दोन दिवसांत परत करावी. न केल्यास मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

विष्णुपंत

०

कनेरगाव नाका
२५ नोव्हेंबर

पंतसाहेब,

तुमची चिठ्ठी हलीमानं वाचली आन् हसू हसू तिचा ठसका थांबेना. शेंगा तिच्याच व्हत्या. मला मात्र हसू न्हाई आलं.

वरात न्हाई, लगन न्हाई. पन मी झूठ बोललो हे बराबर हाय. पार्ट महिन्याआधीच आला व्हता. गाडी मी जानून ठिवली. आता खरं सांगतो, रागवायचं तर रागवा.

चिठ्ठीसोबत एक पोतं पाठवलं हाय. पोत्यात गाठोडी दोन. एकात तुमच्या डाव्या अंगाचं सामान, दुसऱ्यात उजव्या अंगाचं. अंगनात उन्हात मांडा आन् तुमीच पाहा. डावा शॉकअप ठेचला, बुश फाटले, दांडी वाकली. उजव्या बुशवर कंपनीचा नंबर अजून वाचता येतो. गाडी खड्ड्याकडं ओढत न्हाई, पंत. स्टिअरिंग सरळ हाय, मी दोरी लावून पाह्यलं. तुमाला डावीकडचा खड्डा दिसून न्हाई राहिला. गाडीची डावी बाजू दुरुस्त झाली. तुमची डावी नजर माझ्याकडून दुरुस्त व्हनार न्हाई, तिचा मेकॅनिक येगळा.

चौकातला तो खड्डा म्हंजे खड्डा नव्हता. भाजीवाली पारुबाई व्हती. ती वाचली. दुसऱ्या वेळेस काय व्हईल हे अल्लाला माहीत.

मी तुमाला चाळीस साल वळखतो. जीपच्या मागं बसून तुमी कधी साहेबाची चूक कागदावर लपवली न्हाई. ही तुमची सोताची हाय, म्हनून लपवू नका.

चालवनारं कोन व्हतं ते मी लिहिनार न्हाई. घरात विचारा, पन आवाज चढवू नका. 'एल' म्हंजे शिकाऊ.

तुमचा,
खाजा मिया

०

हिंगोली,
९ डिसेंबर

प्रिय खाजा मिया,

अक्षर अनुसूयाचं आहे, मजकूर माझा आहे. डोळ्याला पट्टी आहे म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. तिने मध्ये स्वतःचं काही घालू नये अशी ताकीद दिली आहे. (दिली आहे, पण उपयोग नाही. अनुसूया.)

तुमचं पोतं आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा रागावलो. गुलाबचंदजींसमोर म्हणालो की हे सामान दुसऱ्याच्या गाडीचं आहे. मग ते गेल्यावर अंगणात मांडलं. एका बाजूला डावं, एका बाजूला उजवं. बराच वेळ त्यांच्यापुढे बसून होतो. एकतीस वर्षं मी पुरावे पाहून टिपणी लिहीत आलो. असा स्वच्छ पुरावा फार कमी वेळा पाहिला.

अनुसूया शेजारी येऊन बसली. मी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि तिच्याकडे पाहिलं. ऊन होतं, पण जणू दुधाची साय मध्ये आली होती. ती आहे एवढं कळत होतं. कुंकू लावलंय की नाही ते दिसेना. मी विचारलं, "आज कुंकू लावलं नाहीस का?" (मी रडत होते. ते त्यांना दिसलं नाही, एवढंच लिहिते.)

मग मी दादांचं सांगितलं. तिला ते माहीतच होतं. मला वाटायचं, मी ते कुणाला कळू दिलेलं नाही.

मग म्हटलं, गाडी कोण चालवत होतं? ती म्हणाली, "मी." मी म्हटलं, "कोणती?" ती म्हणाली, "आपलीच. तुमची." खाजा मिया, मला दोन दिवस बोलता आलं नाही. राग होता का? होता. माझी गाडी माझ्या आधी तिला कळली याचा होता. (तिसऱ्या दिवशी विचारलं, "रिव्हर्स येतो का तुला?" तेव्हा मी ओळखलं, राग गेला.)

पारुबाईकडे मी स्वतः गेलो. नवी टोपली नेली आणि हात जोडले. ती म्हणाली, "पंत, मी तर त्या दिवशीच तुमाला भरपूर शिव्या दिल्या, आता काई बाकी न्हाई." वर कोथिंबिरीची जुडी दिली. तिच्यासमोर मला जेवढं ओशाळं वाटलं तेवढं कुठल्या साहेबासमोर वाटलं नाही.

ऑपरेशन वाशिमला झालं. तिकडे नेलं अनुसूयाने. लायसन तिला पहिल्याच परीक्षेत मिळालं होतं, तेही मला तेव्हाच कळलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत डावीकडे बसलो. हिंगोली सोडेपर्यंत मी तिला अठरा सूचना दिल्या. (सत्तावीस.) मग एक मोठा खड्डा आला. मी वरची मूठ घट्ट धरली. चाक आत गेलं, वर आलं, आणि संपलं. एकच दणका, तोसुद्धा लांबून दार वाजल्यासारखा. ना डोलणं, ना दात वाजणं. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की मऊपणा ठेवून डोलणं घालवता येतं. मी तेव्हा ऐकलं नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर मला भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, "काका, थरथरू नका." मी म्हटलं, "शॉकअप गेलेत." ते हसले आणि काम होऊन गेलं. (हे मला आत्ता कळतंय. घरी येऊन म्हणाले होते, अजिबात भीती वाटली नाही.)

तुम्हाला वरातीचं बोललो त्याची माफी मागतो.

विष्णुपंत
(आणि अनुसूया. खुशनुमाला सांगा, हाफ क्लचवर चढ चढले.)

०

कनेरगाव नाका
१३ डिसेंबर

पंतसाहेब, वहिनी, दोघांना सलाम.

माफी बिफी नको. चिठ्ठी मी दोनदा वाचली, हलीमानं कंसातलं येवढंच पुन्हा वाचून घेतलं.

डॉक्टर हो म्हनेपर्यंत चाकाला हात लावू नका. आन् लावाल तवा पयल्या दिवशी वहिनीला बाजूला बसवा. त्यांनी डोळे मिटले तर गाडी बाजूला घ्या आन् चावी त्यांच्या हातात द्या. डोळे उघडे राह्यले तर चालवा. यापरीस चांगली ट्रायल मला म्हाईत न्हाई.

खाजा मिया

०

कनेरगाव नाका, तुमच्या गॅरेजसमोर
२३ जानेवारी २०२६, शुक्रवार दुपार

खाजा मिया,

तुम्ही नमाजाला गेलेले दिसता. शटर बंद आहे, म्हणून ही चिठ्ठी खालून सरकवतो. अक्षर माझं आहे आणि ओळी सरळ आहेत, पाहून घ्या.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात परवानगी दिली. आज गोरेगावला मेहुणीकडे हळदीकुंकू होतं. जाताना गाडी तिने चालवली. येताना ती म्हणाली, "आता तुमची ट्रायल," आणि डावीकडे बसली. पदर खोचला नाही. वरची मूठही धरली नाही. पहिले चार-पाच खड्डे ती सांगत होती. मी म्हटलं, "दिसले." सहावा मी तिला सांगितला, तो तिला दिसला नव्हता. त्यावर आमचं थोडं भांडण झालं.

पुढे मी पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. तुमचं पत्र आठवलं. गाडी बाजूला घेतली, चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. घेईना. जवळ जाऊन पाहिलं तर झोप लागली होती, खाजा मिया. चांगली गाढ. घोरत होती.

चावी पुन्हा लावली. तेव्हापासून तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. तुम्हाला हाक मारून हे सांगायचं होतं, पण हॉर्न वाजवला तर ती उठेल. हे बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. इथून घर फार लांब नाही, तेवढ्यात तिची झोप पुरी व्हायची नाही. त्यामुळे हिंगोलीला न वळता वाशिमच्या बाजूला थोडं पुढे जाऊन येईन म्हणतो.

विष्णुपंत